घरातली गोळी

“बाई, पोटात बाळ असताना आईनं गोळी घेतली, तर ती बाळाच्याही पोटात जाते का?”

नववीच्या वर्गात, चाळीस जणांच्या देखत, पाहुण्या म्हणून आलेल्या नर्सबाईंना हा प्रश्न आमच्या भिंगरीनं विचारला. अगदी स्वतःहून नव्हे. तिच्या बाकावरच्या दोघी मैत्रिणींनी तिला डिवचलं होतं, “विचारून दाखव, नाहीतर आठवडाभर आमची दप्तरं तू उचलायची.” भिंगरीला कुणी ‘दाखव’ म्हटलं की संपलंच. ती ताडकन उभी राहिली आणि खणखणीत आवाजात विचारून मोकळी झाली. मागच्या बाकांवर खसखस पिकली.

नर्सबाई मात्र हसल्या नाहीत. “जाते,” त्या म्हणाल्या. “सगळ्या नाही, पण बऱ्याचशा गोळ्या जातात. आणि बाळ आपल्याएवढं मोठं नसतं, हे लक्षात ठेवा. आता तुम्ही मला सांगा, घरी कुणाचं डोकं दुखलं तर गोळी कुठून आणता?”

अर्ध्या वर्गानं एकदम भिंगरीकडे बोट दाखवलं. “हिच्या आईकडून!”

मित्रांनो, भिंगरीनं घरी येऊन हे सगळं हातवारे करून सांगितलं, तेव्हा मी स्वयंपाकघरातल्या फळीवर होतो. ऐकून माझा पत्रा गार पडला. कारण त्या वीस बोटांचा रोख खरं म्हणजे माझ्याकडे होता. मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. भिंगरीच्या घरातला गोळ्या-औषधांचा डबा. आणि खरं सांगू का, मी फार थकलो आहे.

माझा जन्म कारखान्यातला. पत्र्याचा ताव कापला, वाकवला, ठोकला आणि झाकणावर एक निळी होडी छापली. जन्मल्याबरोबर माझ्यात बिस्किटं भरली गेली. आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे आठ दिवस. आठच, कारण भिंगरीचा दादा तेव्हा सात वर्षांचा होता आणि त्याच्यापुढे बिस्किटांचा काय टिकाव लागणार! नंतर काही वर्षं माझ्यात बटणं, सुया आणि दोऱ्याची रिळं होती. तेही बरं होतं. सुया टोचायच्या, पण बिचाऱ्या गप्प असायच्या.

मग भिंगरी झाली. ती दहा महिन्यांची असताना एका सुट्टीच्या दुपारी तिला सणकून ताप भरला. औषधांची दुकानं बंद. आईनं तिला कडेवर घेऊन अकरा दारं ठोठावली. कुणाकडे तापाचं औषध नव्हतं, आणि दोघा-तिघांनी तर दारही उघडलं नाही. बाराव्या दारात औषध मिळालं. संध्याकाळपर्यंत पोर खेळायला लागली, पण आईच्या मनातून ती दुपार गेली नाही. दुसऱ्याच दिवशी तिनं माझ्यातली बटणं पिशवीत ओतली, मला आतून-बाहेरून पुसलं आणि म्हणाली, “माझ्यावर आली ती वेळ या गल्लीत दुसऱ्या कुणावर येऊ देणार नाही.”

त्या दिवसापासून माझी नोकरी सुरू झाली, ती आजतागायत. सुट्टी नाही, रजा नाही.

सुरुवातीला मला फार अभिमान वाटायचा. गल्लीतली माणसं दारात उभी राहून म्हणायची, “तुमचा डबा म्हणजे आमचा दवाखाना हो!” आई लाजायची, पण मला खाली काढताना तिचा हात आनंदानं जरा जास्तच जोरात माझ्यावर पडायचा. कुणाच्या पोरांना जुलाब, कुणाची दाढ ठणकतेय, कुणाला प्रवासात उलटी होते. माझं झाकण दिवसातून दहा-बारा वेळा उघडायचं. उघडता-मिटता झाकणाची कड वाकली, आणि ती निळी होडी पुसली जाऊन नुसतं शीड उरलं.

आईची एक पद्धत होती. औषधांची नावं अवघड, अक्षरं मुंगीएवढी, म्हणून तिनं रंग ठरवून टाकले होते. पिवळी डोक्याची. गुलाबी पोटाची. लाल-पिवळी टोपी घातलेली ती सर्दीची. पांढरी लांबट पाठीची. शेजारच्या बायकाही आता रंगच मागायच्या. “दोन गुलाबी द्या बाई, आमच्या ह्यांनी काल लग्नात आडवा हात मारलाय.” देताना आई कात्री घ्यायची आणि पट्टीचा तुकडा कापून द्यायची. ज्याला दोन हव्यात त्याला दोन, ज्याला चार हव्यात त्याला चार. कापता कापता गोळीचं नाव एका घरी जायचं, मुदतीची तारीख दुसऱ्या घरी, आणि माझ्याकडे उरायच्या बिननावाच्या गोळ्या.

तुम्ही म्हणाल, तू बोलला का नाहीस? मित्रांनो, डब्याला तोंड असतं, पण ते बोलायला नसतं. माझ्या तळाशी काय काय साचत गेलं ते मलाच ठाऊक. खोकल्याची बाटली, तिचं बूच साखरेनं चिकटून बसलेलं. डोळ्यांत घालायचे थेंब, दोन वर्षांपूर्वी उघडलेले. कुणीतरी पूर्ण न घेता परत आणून दिलेल्या गोळ्या, “वाया कशाला घालवायच्या, असू देत तुमच्याकडे” म्हणून. त्या सगळ्याचा एक कडवट वास माझ्या अंगात मुरला आहे. धुतलं तरी जात नाही.

पांढरी लांबट गोळी बाबांची होती. बाबा बस चालवतात. दिवसभर त्या कडक सीटवर बसून त्यांच्या कंबरेचा आणि पाठीचा पार भुगा होतो. डॉक्टरांनी त्यांना तपासून ती गोळी लिहून दिली होती. पट्टी आणली की आई तिचे दोन तुकडे करायची. एक बाबांच्या गणवेशाच्या खिशात, दुसरा माझ्यात.

दोन वर्षांपूर्वी दादाचं लग्न झालं आणि वहिनी या घरात आली. ती तयार कपड्यांच्या कारखान्यात शर्टांना कॉलर लावते. दिवसभर यंत्रावर वाकून बसायचं, मान खाली, पाय पॅडलवर. या वर्षी तिला दिवस गेले. भिंगरीनं तर तेव्हापासूनच मैत्रिणींना ‘मी आत्या होणार’ असं सांगायला सुरुवात केली. आठवड्यातून तीनदा, त्याच मैत्रिणींना.

सातवा महिना लागला आणि वहिनीची पाठ धरली. कारखान्यातून आली की ती दाराशीच भिंतीला टेकायची. कुरकुर करणं तिच्या स्वभावात नाही, पण आईच्या नजरेतून काही सुटत नाही.

“अगं, मग सांगायचं नाही का?” आई म्हणाली. “यांची पांढरी घे. दुखणं पाठीचंच ना? मग पाठ यांची काय नि तुझी काय!”

“चालेल ना, आई?”

“न चालायला काय झालं? पंधरा वर्षं हे घेतायत. घरातलीच गोळी आहे.”

सकाळी एक, संध्याकाळी एक. वहिनीला आराम पडला. ती हसायला लागली, जेवायला लागली. आई तिच्याकडे बघून सुखावायची. मित्रांनो, त्या माउलीच्या मनात मायेशिवाय काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. जवळजवळ तीन आठवडे माझं झाकण रोज दोनदा त्या मायेनंच उघडलं.

मग तपासणीचा दिवस आला. डॉक्टरबाईंनी पोटावर यंत्र फिरवलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. बाळाच्या भोवतीचं पाणी कमी झालं होतं. त्यांनी विचारलं, “कुठली कुठली औषधं चालू आहेत?”

“लोहाची, कॅल्शियमची आणि थायरॉइडची,” वहिनी म्हणाली. “बाकी काही नाही.”

ती खोटं बोलली नाही. माझ्यातून निघालेली गोळी ही या घरात कधी औषधात मोजलीच जात नव्हती. माठातलं पाणी प्यावं तशी ती. दवाखान्यातून आणलेलं ते औषध, आणि डब्यातली ती नुसती घरातली गोळी.

डॉक्टरबाईंनी भरपूर पाणी प्यायला सांगितलं, कामावरून रजा घ्यायला लावली आणि तीन दिवसांनी परत बोलावलं. “पाणी आणखी घटलं तर भरती करून घेऊ,” त्या म्हणाल्या, “आणि कदाचित बाळाला वेळेआधी बाहेर काढावं लागेल.”

त्या संध्याकाळपासून घरात पाण्याचा हिशोब सुरू झाला. आई वहिनीसमोर पाण्याचे पेले मांडत होती. दादा प्रत्येक पेला रिकामा झाला की कागदावर एक रेघ मारत होता. काळजीनं वहिनीची पाठ आणखीच दुखायला लागली, म्हणून आईनं मला खाली काढलं आणि तिला पांढरी दिली. त्या क्षणी माझं झाकण घट्ट बसून राहिलं असतं तर! पण ते नेहमीसारखंच उघडलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत नर्सबाई आल्या, आणि तो प्रश्न विचारला गेला. वर्ग सुटल्यावर त्यांनी भिंगरीला बाजूला घेतलं होतं. “घरी कुणी गरोदर आहे का?” भिंगरी म्हणाली, “वहिनी.” त्यावर त्या म्हणाल्या, “मग आज घरी जाऊन तिला एवढंच विचार, डब्यातलं काय काय घेते.”

म्हणून भिंगरीनं दप्तर फेकलं ते थेट वहिनीच्या खाटेवर.

“वहिनी, तू डब्यातली कुठली गोळी घेतेस?”

“मी कुठं गं औषध घेते? ती पांढरी तेवढी. पाठीची.”

“किती?”

“सकाळ-संध्याकाळ.”

“आणि डॉक्टरबाईंना सांगितलंस?”

वहिनीनं भिंगरीकडे पाहिलं, आणि तिचा हात आपोआप पोटावर गेला. “त्यांनी औषधं विचारली होती गं,” ती हळूच म्हणाली.

आई पोळपाट सोडून बाहेर आली. “काय चाललंय? माझ्या डब्याला नावं ठेवायला शाळेत शिकवतात वाटतं आता! या डब्यानं अख्खी गल्ली सांभाळलीय.”

“आई, मी नावं नाही ठेवत. मी डबा घेऊन दवाखान्यात चाललेय. तू येतेस की वहिनीला मी एकटीच नेऊ?”

चौदा वर्षांत त्या घरात आईशी असं कुणी बोललं नव्हतं. आईनं हात पुसले आणि चपला घातल्या.

अशा रीतीनं इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी घराबाहेर पडलो. डॉक्टरबाईंच्या टेबलावर मला उपडं केलं गेलं. मित्रांनो, पोटातलं सगळं परक्या माणसासमोर असं सांडलं जाणं फार लाजिरवाणं असतं. डॉक्टरबाईंनी पेन्सिलीच्या टोकानं ते सगळं बाजूला सारत सारत पांढऱ्या लांबट गोळीचा तुकडा उचलला. उलटा केला, सुलटा केला.

“अशा पांढऱ्या गोळ्या पन्नास प्रकारच्या असतात. हिचं नाव कुठंय?”

आई पुटपुटली, “ते... यांच्या खिशात असेल.”

“कुणाच्या खिशात?”

पण भिंगरी तोवर मला बगलेत मारून पळत सुटली होती. बस आगार दवाखान्यापासून दोन वळणांवर. बाबांची गाडी फलाटावरून निघायच्या बेतात होती, कंडक्टरनं घंटीही मारली होती.

“बाबा, थांबा! खिसा दाखवा!”

“हे बघा,” खिडकीतला एक म्हातारा म्हणाला, “आता पोरी बापाचा खिसा भरदिवसा मारायला लागल्या.”

“अहो आजोबा, एक मिनिट! बाबा, पाठीच्या गोळीची पट्टी. वहिनीसाठी. पटकन!”

“तिला कशाला माझी पट्टी?” म्हणत बाबांनी छातीवरच्या खिशातून तुकडा काढला, आणि म्हणता म्हणताच त्यांचा चेहरा बदलला. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. “जा,” एवढंच ते म्हणाले. “पळ.”

तुकड्यावर नाव होतं. डॉक्टरबाईंनी ते वाचलं आणि खुर्चीत मागे टेकल्या.

“हीच ती,” त्या म्हणाल्या. “तुमच्या यजमानांना ही चालते, कारण ती त्यांच्यासाठी लिहून दिलीय. पाचवा महिना उलटल्यावर गरोदर बाईनं मनानं ही घ्यायची नसते. हिनं बाळाच्या मूत्रपिंडांचं काम मंदावतं, बाळाची लघवी कमी होते, आणि बाळाभोवतीचं पाणी मुख्यतः त्याचंच असतं. आणखी उशिरा घेतली तर हृदयाजवळच्या एका रक्तवाहिनीलाही त्रास होऊ शकतो.”

“मग आता?” वहिनीनं विचारलं.

“आता आजपासून बंद. बंद केली की बहुतेक वेळा पाणी परत भरतं. पण मी आज शब्द देत नाही. चार दिवसांनी बघू.”

“मी आता कशालाच हात लावणार नाही,” वहिनी डोळे पुसत म्हणाली. “थायरॉइडची पण नको नि लोहाची पण नको. सगळंच नको मला.”

“हं, हे आणखी भलतंच!” डॉक्टरबाई पहिल्यांदाच चढ्या आवाजात बोलल्या. “थायरॉइडची गोळी सोडलीस तर तेही बाळालाच भोवेल. ती रोज, उपाशीपोटी. लोहाची तिच्यानंतर चार तासांनी, चहाबरोबर नाही. मनानं सुरू करायची नाही तशी मनानं बंदही करायची नाही. पाठीला टेकू दे, तासातासाला उठून चार पावलं चाल, आणि फारच दुखलं तर कुठली गोळी, किती, ते मी लिहून देते. झाडपाल्याचं काही घ्यायचं असलं तरी आधी मला विचारायचं. पाण्यात उकळलं म्हणून ते निरुपद्रवी होत नाही.”

आई सगळा वेळ टेबलावरच्या त्या ढिगाकडे बघत होती. एकेक पट्टी तिनं हातानं कापलेली.

मित्रांनो, ते चार दिवस मी पुन्हा फळीवर होतो, पण कुणी मला हात लावला नाही. दादा पेल्यांच्या रेघा मारत होता. वहिनी कुशीवर पडून बाळाच्या हालचाली मोजत होती. आई सहा वेळा माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि सहा वेळा परत गेली. एकदा ती वहिनीजवळ बसून म्हणाली, “मीच दिली गं तुला.” वहिनी म्हणाली, “आणि मीच घेतली, आई. डॉक्टरबाईंना विचारलं कुणीच नाही.”

पाचव्या दिवशी दवाखान्यातून परतताना भिंगरीचा आवाज कोपऱ्यावरूनच ऐकू आला. “भरलं! पाणी भरलं! सगळं नाही भरलं, पण भरतंय!” बाबा त्या दिवशी घरीच होते. त्यांनी चष्मा काढून तीनदा पुसला. आईनं वहिनीला खाटेवर बसवलं, तिच्या पाठीशी दोन उशा लावल्या आणि मग माझ्याजवळ आली.

त्या दुपारी भिंगरीनं आणि तिनं मिळून मला रिकामं केलं. बिननावाच्या आणि मुदत संपलेल्या गोळ्या पिशवीत भरून औषधांच्या दुकानदाराकडे दिल्या, नीट नष्ट करण्यासाठी. बाबांची पट्टी न कापता वेगळ्या पाकिटात गेली, वर बाबांचं नाव. वहिनीच्या औषधांची यादी झाकणाच्या आत चिकटवली, म्हणजे दवाखान्यात विचारलं की तीच वाचून दाखवायची. आता माझ्यात तापमापक आहे, जखमेची पट्टी आहे, आणि बरीचशी रिकामी जागा आहे. हलका झालोय. पण इतक्या वर्षांचा शीण एका दुपारीत जात नाही.

मी आता म्हातारा झालो, म्हणून एक विनवणी करतो. तुमच्याही घरात माझा एखादा भाऊबंद असेल. एखादा खण, एखादी पिशवी, आरशामागची एखादी फळी. त्याच्यावर एवढा भार टाकू नका, मित्रांनो. आम्हाला गोळी सांभाळता येते. ती कुणाला द्यावी हे आम्हाला कळत नाही. पट्टी कापून नाव हरवू नका. एकासाठी लिहिलेली दुसऱ्याला देऊ नका. आणि डॉक्टरांनी औषधं विचारली, तर आमच्या पोटातून निघालेली गोळीही मोजा. घरात बाळ येणार असेल तर दुप्पट जपून मोजा.

मला वाटलं होतं, माझं काम इथे संपलं. पण संध्याकाळी दार वाजलं. समोरची काकू.

“दोन पिवळ्या द्या हो. सुनेचं डोकं उठलंय, आणि दोन दिवस झाले, नुसत्या कोरड्या उलट्या काढतेय.”

आई उठलीसुद्धा. सवयच ती. तिचा हात माझ्या झाकणावर आला आणि तिथेच थांबला.

“काकू,” भिंगरी मध्येच म्हणाली, “तिला दिवस तर नाही ना गेले?”

“काहीतरीच बाई! अजून कळायचंय ते.”

“मग आधी कळू दे. तोवर गोळी नको. डॉक्टरबाईंना दाखवा.”

“एवढीशी चिमुरडी आणि मला शिकवते! बरं, नाही तर नाही.” काकू चपला फटफटवत निघून गेली.

आईचा चेहरा उतरला. “काय वाटलं असेल त्यांना! इतक्या वर्षांत मी कुणाला नाही म्हटलं नव्हतं,” ती म्हणाली, आणि डोळ्यांना पदर लावला. बाबा काहीतरी समजुतीचं बोलणार होते, पण भिंगरी दोघांच्या मध्ये जाऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“आई, बाबा, नीट ऐका. मी ठरवलंय. यापुढे गोळी मागायला कुणीही आलं, तर दार मी उघडणार. नाही म्हणताना आई, तुझा जीव तुटतो, माझा नाही तुटत. आणि उद्या शाळा सुटली की काकूंच्या सुनेला डॉक्टरबाईंकडे मी स्वतः घेऊन जाणार आहे. काकू रुसल्या तर रुसू देत.”